गणितानंद द. रा. कापरेकर : देवळालीच्या गणित शिक्षकाची गोष्ट



आधी एक कागद घ्या आणि त्यावर चार अंकी कोणतीही संख्या लिहा. फक्त चारही अंक सारखे नकोत. मी २०२५ घेते. यातले अंक उतरत्या क्रमाने मांडले की ५२२०, चढत्या क्रमाने ०२२५. मोठ्या संख्येतून लहान वजा केली, ४९९५ आले. आता ४९९५ ला पुन्हा तेच करा, ९९५४ वजा ४५९९, उत्तर ५३५५. पुढे १९९८, मग ८०८२, मग ८५३२ आणि सहाव्या वजाबाकीला ६१७४. आता ६१७४ चे अंक मांडा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४ च! तुमच्या कागदावरची संख्याही जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच येऊन थांबेल.

१९४९ मध्ये ही गंमत शोधणारा माणूस कुठल्या मोठ्या संशोधन संस्थेत नव्हता. तो आपल्यासारखाच रोज घंटा वाजली की वर्गात जाणारा शाळामास्तर होता. जगभर ही संख्या आज 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषात तथ्य किती हा विषय बाजूला ठेवू, पण त्यात आकडेमोड भरपूर असते. त्या घरातल्या आकडेमोडीतूनच मुलाला संख्यांची गोडी लागली. शालेय शिक्षण ठाण्याला झालं. तिथे हा मुलगा तासन्‌तास गणिती कोडी सोडवत बसायचा. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तिथे १९२७ मध्ये त्यांना स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले. पुढचं पदव्युत्तर शिक्षण काही झालं नाही. नाशिकजवळ देवळालीला शाळेत नोकरी लागली आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ, ते तिथेच शिकवत राहिले.

आता आपल्या वर्गात या. हातच्याची वजाबाकी हा तिसरी-चौथीतला सगळ्यात कंटाळवाणा भाग. वीस उदाहरणं फळ्यावर लिहून दिली की पाचव्या उदाहरणाला अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघत असतो. पण ६१७४ चा खेळ दिला की तीच मुलं न सांगता सात-सात वजाबाक्या करतात, कारण शेवटी काय येणार हे त्यांना माहीत असतं. ६१७४ आलं नाही, तर कुठे चुकलं ते स्वतःच मागे जाऊन शोधतात. आपल्याला वही तपासायलाच लागत नाही. मी मुलांना गाड्यांचे नंबर आणायला सांगते. आपल्या धाराशिवच्या गाड्यांवर एमएच २५ आणि शेवटी बहुधा चार आकडे असतातच. एकाने घरच्या मोटारसायकलचा ८०८२ आणला, तर दोनच वजाबाक्यांत काम झालं. तो दिवसभर मिरवत होता!

एक काळजी घ्या. १००० घेतलं तर १००० वजा ०००१ बरोबर ९९९ येतं. इथे मुलं ९९९ वजा ९९९ करून शून्यावर येतात आणि खेळ फसला म्हणतात. ते ०९९९ असं लिहायचं, म्हणजे पुढची मांडणी ९९९० वजा ०९९९ होते आणि गाडी रुळावर येते. शून्याला जागा असते हे समजावायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. तिसरीसाठी तीन अंकी संख्या घ्या. तिथे शेवट ४९५ ला होतो. ३५२ घेऊन पाहा, २९७, ६९३, ५९४, ४९५. प्रत्येक उत्तरात मधला अंक ९ आहे, पण हे तुम्ही सांगू नका, मुलांना दिसू द्या.

कापरेकरांच्या कामाची त्यांच्या हयातीत फार कदर झाली नाही. आपल्याकडचे बरेच गणिती हे सगळं क्षुल्लक मानून हसायचे. त्यांचा आक्षेप अगदीच चुकीचा होता असंही मी म्हणणार नाही. ६१७४ ची जादू आपण दहाच्या पटीत संख्या लिहितो म्हणून आहे, लिहिण्याची पद्धत बदलली की ती संख्या राहत नाही. पण प्राथमिक शाळेत आपण शिकवतो काय? एकक, दशक, शतक, म्हणजे दहाच्या पटीतलं लिहिणंच ना! त्यामुळे विद्यापीठात जे हलकं ठरलं ते आपल्या वर्गात सोन्यासारखं आहे.

मासिकांत जागा मिळेना तेव्हा त्यांनी पदरच्या पैशाने छोट्या पुस्तिका छापल्या, देवळालीचा पत्ता घालून. शाळा सांभाळून गणित परिषदांना जायचे आणि आपले शोध मांडायचे. नावं देण्याची त्यांना हौस होती. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती 'हर्षद' संख्या, म्हणजे आनंद देणारी. जसं १८, कारण १ आणि ८ मिळून ९. भागाकाराच्या सरावाला हे उत्तम. २०२२, २०२३, २०२४, २०२५ ही चारही सालं ओळीने हर्षद आहेत, करून बघा. डोंबिवली स्टेशनचं तेव्हाचं नाव डेमलो, तिथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेमलो संख्या म्हटलं. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१, ही त्यातलीच मंडळी. आणि ४५ चा वर्ग २०२५, तो मधोमध तोडला की २० आणि २५, बेरीज परत ४५. अशांना तर त्यांचंच नाव मिळालं, कापरेकर संख्या.

निवृत्तीनंतरचा काळ मात्र कठीण गेला. १९६६ मध्ये पत्नीचं निधन झालं. पेन्शन पुरत नव्हतं, म्हणून या माणसाने गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन घर चालवलं. हे वाचताना आपल्यातल्या कितीतरी निवृत्त गुरुजींची आठवण येते. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग जग देवळालीकडे बघू लागलं. तेव्हा त्यांचं वय सत्तर होतं. १९८६ मध्ये ते गेले.

गार्डनर यांनी ज्या संख्यांबद्दल लिहिलं त्या 'स्वयंभू' संख्या मला सगळ्यात आवडतात. त्यांना देवळाली संख्याही म्हणतात. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिचेच अंक मिळवा. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८. २८ पासून ३८, ३८ पासून ४९. म्हणजे २८ ची आई २३. पण काही संख्यांना आईच नसते, कोणत्याही संख्येपासून त्या बनत नाहीत. वर्गात १ ते १०० चा तक्ता लावा, प्रत्येक मुलाला काही संख्या वाटून द्या आणि जे उत्तर येईल त्यावर खडा ठेवायला सांगा. शेवटी १३ घरं रिकामी राहतात. १, ३, ५, ७, ९ वरच्या ओळीत, मग २०, आणि ३१ पासून ४२, ५३, ६४ करत ९७ पर्यंत एक तिरपी रांग. पुढचा तक्ता १०१ ते २०० चा करा. तिथे १०८ रिकामं राहतं, मग ११०, आणि १२१ पासून पुन्हा रांग सुरू. दुसऱ्या तक्त्यासाठी खडे जरा जास्त गोळा करून ठेवा, ९० लागतील.