दुकान बुडालं, पत राखली

मैत्रिणींनो, बचत गटाच्या बैठकीत हप्ता थकलेली बाई कोपऱ्यात मान खाली घालून बसली, की मला हॅरी ट्रुमन आठवतात. पहिल्या महायुद्धाहून परतल्यावर १९१९ मध्ये त्यांचं बेसशी लग्न झालं. त्याच वर्षी सैन्यातला मित्र एडी जेकबसन याच्याबरोबर त्यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत दुकान थाटलं. शर्ट, टाय, मोजे, टोप्या. सुरुवातीला धंदा छान चालला. मग मंदी आली, चढ्या भावाने भरलेला माल अंगावर पडला आणि १९२२ मध्ये दुकानाला कुलूप लागलं! राहायला सासूबाईंचंच घर होतं. पण ट्रुमननी दिवाळं काढलं नाही. पुढे कित्येक वर्षं थोडं थोडं देणं फेडलं.

त्याच साली पेंडरगास्ट या बड्या पुढाऱ्याच्या पाठबळावर ते जॅक्सन काउंटीच्या कारभारात निवडून आले. १९२४ ला हरले, १९२६ ला पुन्हा जिंकले. १९३४ मध्ये सिनेटर, १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष! हिरोशिमा-नागासाकीवरचे अणुबॉम्ब त्यांच्याच निर्णयाने पडले, ते मात्र मन विसरत नाही. १९५३ मध्ये पद सुटल्यावर ते बेससह त्याच सासूबाईंच्या घरी परतले.

कोपऱ्यातल्या बाईला मी एवढंच सांगते, हप्ता लहान करून घे, पण बैठक चुकवू नकोस.