जिम कॉर्बेट

एडवर्ड जेम्स कॉर्बेट ऊर्फ जिम कॉर्बेट (२५ जुलै १८७५, नैनिताल – १९ एप्रिल १९५५, न्येरी, केनिया) हे ब्रिटिश भारतातील शिकारी, निसर्ग-अभ्यासक व लेखक होते. कुमाऊँ आणि गढवाल या डोंगराळ प्रदेशांतील नरभक्षक वाघ व बिबटे मारणारे शिकारी म्हणून त्यांची ख्याती झाली. पुढे ते वन्यजीव-संरक्षणाचे पुरस्कर्ते बनले. कोणत्या प्राण्यासाठी, किती अंतरावरून आणि कोणत्या परिस्थितीत कोणती बंदूक वापरावी याविषयीची त्यांची जाण अनुभवातून घडली होती. त्यांच्या चरित्रात या निवडीला विशेष महत्त्व आहे. कारण चुकीचे हत्यार किंवा चुकलेला नेम जनावराला जखमी करून सोडतो आणि असे जनावर पुढे माणसांच्या जिवावर उठू शकते, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते.

बालपण आणि पहिली बंदूक

कॉर्बेट यांचा जन्म नैनिताल येथे आयरिश वंशाच्या मोठ्या कुटुंबात झाला. वडील ख्रिस्तोफर विल्यम कॉर्बेट हे तेथील पोस्टमास्तर होते. १८८१ साली वडिलांचे निधन झाले, तेव्हा जिम पाच वर्षांचे होते. आई मेरी जेन यांनी कुटुंबाचा भार सांभाळला. उन्हाळ्यात नैनिताल आणि हिवाळ्यात पायथ्याशी असलेले कालाढुंगी, असा कुटुंबाचा वर्षाचा क्रम असे. कालाढुंगीच्या जंगलात रानकोंबडा व मोर यांपासून चितळ, सांबर, रानडुक्कर, बिबट्या आणि वाघ यांपर्यंत सर्व प्रकारचे पशुपक्षी होते. गलोल आणि तीरकमान यांपासून त्यांच्या शिकारीची सुरुवात झाली.

त्यांना मिळालेली पहिली बंदूक म्हणजे जुनी, दुनळी, ठासणीची बंदूक होती. तिची उजवी नळी फुटलेली होती आणि मोडलेला दस्ता पितळेच्या तारेने नळ्यांना बांधलेला होता. कुमाऊँच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या स्टीफन डीझ यांनी, पक्ष्यांचे नमुने आणून देण्याच्या बोलीवर, ती त्यांना दिली होती. वापरता येण्याजोगी नळी एकच आणि दारू व छरे मोजकेच असल्याने प्रत्येक बार जपून काढावा लागे. ठासणीच्या बंदुकीत पुन्हा दारू भरण्यास वेळ लागतो, म्हणून सावजाच्या जवळ जाणे, वाऱ्याची दिशा ओळखणे आणि खात्री झाल्याविना चाप न ओढणे या सवयी त्यांना तेव्हाच जडल्या. कालाढुंगी परिसरातील कुंवर सिंग या चोरट्या शिकाऱ्याने त्यांना जंगलाची वाट, झाडावर चढणे आणि प्राण्यांचे आवाज ओळखणे शिकवले.

मार्टिनी रायफल

वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास नैनिताल येथील स्वयंसेवक दलाच्या छात्रपथकात असताना त्यांना .४५० मार्टिनी ही लष्करी रायफल हाताळावयास मिळाली. रायफल स्वच्छ ठेवावी आणि रिकामी काडतुसे परत करावीत, या अटींवर पथकाच्या सार्जंट-मेजरने ती त्यांना उसनी दिली. या रायफलीत एका वेळी एकच काडतूस भरता येई. तिची शिशाची गोळी सुमारे ३१ ग्रॅम वजनाची होती आणि खांद्याला बसणारा धक्का लहान मुलाला सोसणे अवघड होते. मात्र ठासणीच्या बंदुकीच्या मानाने तिचा पल्ला व अचूकता कितीतरी अधिक होती. याच रायफलीने त्यांनी बालवयात पहिला बिबट्या मारला.

रेल्वेतील नोकरी

शालेय शिक्षण संपल्यावर कौटुंबिक परिस्थितीमुळे त्यांनी बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत इंधन-निरीक्षकाची नोकरी धरली. पुढे गंगेकाठी मोकामा घाट येथे माल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस नेण्याचा ठेका त्यांनी घेतला आणि वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळला. शिकार हा त्यांचा व्यवसाय नव्हता. नरभक्षकांच्या मागावर ते रजा काढून जात.

चंपावतची वाघीण

१९०७ साली चंपावतच्या वाघिणीला मारण्याचे काम त्यांनी स्वीकारले. ते स्वीकारताना जाहीर केलेले इनाम रद्द करावे आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवावे, अशा दोन अटी त्यांनी घातल्या. या वाघिणीने नेपाळमध्ये २०० आणि कुमाऊँमध्ये २३६, अशा ४३६ व्यक्तींचा बळी घेतल्याची नोंद आहे.

गावकऱ्यांच्या मदतीने हाका घालून वाघिणीला बाहेर काढले, तेव्हा कॉर्बेट यांच्याजवळ .५०० बोअरची रायफल आणि केवळ तीन काडतुसे होती. वाघीण जखमी झाली, पण पडली नाही आणि काडतुसे संपली. त्यांनी धावत जाऊन तहसीलदारांची जुनी छऱ्याची बंदूक आणली. तिच्या नळ्या व बूड यांच्यामध्ये सुमारे तीन-अष्टमांश इंचाची फट होती, हे त्यांच्या ऐन वेळी ध्यानात आले. त्या धोकादायक बंदुकीनेच शिकार पूर्ण करावी लागली.

मृत वाघिणीच्या जबड्याच्या उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले आढळले. वरचा अर्धा तुटला होता, तर खालचा मुळापर्यंत. ही जुनी इजा बंदुकीच्या गोळीची होती. नैसर्गिक सावज मारता न आल्याने ती माणसांकडे वळली, असा निष्कर्ष कॉर्बेट यांनी काढला. कोण्या अज्ञात शिकाऱ्याने जखमी करून सोडलेल्या एका जनावराची किंमत शेकडो डोंगरी कुटुंबांनी मोजली होती.

.२७५ रिग्बी रायफल

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेट यांना लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. तहसीलदारांनाही बंदूक देण्यात आली. जर्मनीतील माउझर कारखान्याच्या रचनेवर आधारलेली ही बोल्टची रायफल मूळ ७ × ५७ मिलिमीटरचे काडतूस वापरते. ०.२७५ इंच हा आकडा नळीच्या आतील व्यासाचा आहे. गोळीचा व्यास त्याहून किंचित अधिक, म्हणजे ०.२८४ इंच असतो. ही रायफल वजनाने हलकी, धक्क्याने सौम्य आणि नेमाला अचूक असल्याने डोंगरात दिवसभर वागवता येई. चितळापासून बिबट्यापर्यंतच्या मिश्र शिकारीला ती पुरेशी होती.

१९१८ ते १९२६ या काळात १२५ व्यक्तींचा बळी घेणारा रुद्रप्रयागचा बिबट्या २ मे १९२६ रोजी गोलाबराई येथे मारला गेला, तो याच रायफलीने. आंब्याच्या झाडावर अनेक रात्री जागून काढल्यावर, रायफलीला लावलेल्या विजेरीच्या क्षणभराच्या उजेडात त्यांनी गोळी झाडली आणि त्याच क्षणी विजेरी विझली.

हत्यारांची निवड

हलकी गोळी योग्य ठिकाणी लागली तर वाघही मरतो. मात्र चवताळून अंगावर येणारे जनावर जागीच थांबवण्याची खात्री ती देत नाही. यासाठी कॉर्बेट जेफरी कंपनीची .४५०/४०० ही दुनळी रायफल वापरत. .४५० बोअरच्या काडतुसाचे तोंड अरुंद करून त्यात .४०० बोअरची गोळी बसवल्यामुळे तिला हे नाव मिळाले. तिची गोळी सुमारे २६ ग्रॅमची, म्हणजे रिग्बीच्या गोळीच्या दुपटीहून जड होती. दोन नळ्यांमुळे बोल्ट न ओढता दुसरी गोळी लगेच झाडता येई. ३० नोव्हेंबर १९३८ रोजी ठाक येथील वाघीण त्यांनी दुनळी रायफलीने मारली. अवघड बैठकीवरून गोळ्या झाडताना बसलेल्या धक्क्याने ते खाली बसलेल्या सोबत्यांच्या अंगावर कोसळले. त्या वेळी ते ६३ वर्षांचे होते.

अंधाऱ्या रात्री अगदी जवळून गोळी झाडायची असे तेव्हा त्यांनी छऱ्याची बंदूकही निवडली. १९१० साली पनारचा बिबट्या मारताना रायफलीपेक्षा तीच उपयोगी ठरली. एकच हत्यार सर्व प्रसंगी पुरे पडत नाही आणि कोणतेही हत्यार नेमाची उणीव भरून काढत नाही, हे त्यांच्या शिकारींच्या वर्णनांतून वारंवार दिसते. जखमी जनावर सोडून परतणे त्यांना मान्य नव्हते.

युद्धसेवा आणि बदललेली दृष्टी

पहिल्या महायुद्धात त्यांनी कुमाऊँतील श्रमिकांचे पथक फ्रान्सला नेले. दुसऱ्या महायुद्धात मध्य प्रांतातील छिंदवाडा येथे सैनिकांना जंगलातील हालचालींचे शिक्षण दिले आणि लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मिळवला.

१९२० च्या दशकापासून त्यांचा ओढा चलच्चित्रण कॅमेऱ्याकडे वाढला. वाघांचे छायाचित्रण करणारे वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांचा त्यांच्यावर प्रभाव होता. रायफलीच्या टप्प्यातून कॅमेऱ्याच्या टप्प्यात येताना जनावराच्या अधिक जवळ जावे लागे. १९३६ साली स्थापन झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता.

लेखन व अखेरची वर्षे

'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' हे त्यांचे पहिले गाजलेले पुस्तक १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने प्रसिद्ध केले. त्यानंतर रुद्रप्रयागच्या बिबट्यावरील पुस्तक, 'माय इंडिया' (१९५२), 'जंगल लोर' (१९५३) इत्यादी पुस्तके आली. त्यांच्या लेखनाचे मराठीतही अनुवाद झाले आहेत.

कॉर्बेट अविवाहित राहिले. १९४७ साली बहीण मॅगी यांच्यासह ते केनियात स्थायिक झाले. जाण्यापूर्वी त्यांनी काही बंदुका कालाढुंगीच्या जंगलात पुरल्या, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आढळते. न्येरी येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

वारसा

मृत्यूनंतर हेली उद्यानास कॉर्बेट यांचे नाव देण्यात आले. आग्नेय आशियातील वाघाच्या उपजातीलाही १९६८ साली त्यांच्या नावावरून शास्त्रीय नाव मिळाले. .२७५ रिग्बी रायफल त्यांच्या पश्चात ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली आणि नंतर रिग्बी कंपनीकडे परतली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात हौशी शिकारीला वाव उरला नाही. मात्र जखमी करून सोडलेल्या जनावराची जबाबदारी माणसावरच येते, हा कॉर्बेट यांच्या अनुभवाचा निष्कर्ष आजही अभ्यासला जातो.