अंगणात आलेली शाळा : पद्मभूषण ताराबाई मोडक

बालकाच्या हाती पाटी देण्यापूर्वी त्याचा हात, डोळा आणि कान तयार झाले पाहिजेत, हा विचार महाराष्ट्रात रुजविणाऱ्या शिक्षणतज्ज्ञांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींचे शिक्षण दुर्मीळ असलेल्या त्या काळात ताराबाई १९१४ मध्ये पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या आपल्या विदर्भात, अमरावतीस आल्या; परंतु तो संसार टिकला नाही. लहानग्या कन्येसह त्यांनी राजकोट येथे अध्यापिका विद्यालयाचे काम स्वीकारले आणि पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या प्रयोगात त्या सहभागी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले.

या शिक्षणाचा पाया मादाम माँटेसरी यांच्या पद्धतीचा होता. खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवावे, म्हणजे डोळ्यांआधी बोटालाच अक्षराचे वळण कळते. संख्या पाठ करण्यापूर्वी तितक्या वस्तू हाताने मोजाव्यात, म्हणजे पाच हा नुसता उच्चार न राहता मूठभर वस्तूंचा अनुभव होतो. मात्र या पद्धतीची साधने महाग होती आणि तिचा लाभ मुख्यतः शहरातील सुस्थित घरांतील मुलांनाच मिळत होता. मग गरिबाच्या मुलाने काय करावे? हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी गावी गेल्या. तेथे अनुताई वाघ यांची साथ त्यांना लाभली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच वस्तीत गेली आणि झोपडीपुढील अंगणात भरू लागली. हीच अंगणवाडी. प्रथम मुलांची स्वच्छता, मग गाणी, गोष्टी आणि हस्तव्यवसाय असा क्रम असे. विकतच्या साधनांची जागा शंख-शिंपले, खडे, बिया, पाने आणि मातीने घेतली. त्यांची रास करावी, लहान-मोठे वेगळे करावे, ओळीने मांडून मोजावे. यांतूनच गणित आणि लेखनाची पूर्वतयारी होई.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत गेले. आदल्याच वर्षी नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांना समतेच्या धम्माची दीक्षा दिली होती. कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण हा सन्मान लाभला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले.

आज तीन वर्षांच्या बालकाने लिहावे-वाचावे, असा आग्रह अनेक पालक धरतात. त्यामागे आपण वंचित राहिलो ते मुलाने राहू नये, ही कळकळ असते आणि ती आदरणीयच आहे. ताराबाईंच्या जीवनकार्यातून तिला योग्य दिशा मिळते. चिंचोके मोजणारे, मातीची वळी वळून अक्षर घडविणारे मूल वेळ वाया घालवीत नसते. त्याचे शिक्षण तेथेच सुरू झालेले असते. ज्या घरात आजवर पुस्तक आले नाही, त्या घरातील बालकाला ही सुरुवात मिळणे सर्वांत अगत्याचे आहे. समतेचा पहिला पाठ तोच होय.