न दुखलेले हाड

आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, 1984 साली पोखर्णीत कडुलिंबाच्या झाडावरून पडले. शेळ्यांसाठी पाला काढायला चढले होते. पाठीचा मणका मोडला, मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालचे अंग कायमचे लुळे पडले. मी तेव्हा परभणीला बँकेत होतो. शनिवारी दुपारी बँक सुटली की गावी जायचो. घरात तात्यांना कोणी हलू देत नसे. जेवण, चहा, अंग पुसणे, सारे बाजेवरच. आमच्या मायेची रीतच तशी होती.

दोन वर्षांनी नृसिंह जयंतीला त्यांना दर्शनाला न्यायचे ठरले. चौघांनी उचलून बैलगाडीत ठेवताना एक पाय खाली लोंबकळला आणि जरासा पिळला. तात्यांनी हूं की चूं केले नाही. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, हाताला गरम लागू लागला. दुखत नाही म्हणतात, त्या अर्थी मुरगळला असेल, असे समजून मी स्वतः तेल कोमट करून तो पाय चोळला. परभणीत एक्स-रे काढला, तेव्हा गुडघ्याच्या जरा वर मांडीचे हाड मोडलेले दिसले. मी मोडलेले हाड चोळत बसलो होतो!

तिथले डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मला समोर बसवले आणि डॉ. लुडविग गुटमन या माणसाबद्दल सांगितले. पुढे मिळेल ते मी वाचत गेलो.

गुटमन यांचा जन्म 1899 चा, तेव्हाच्या जर्मनीतल्या एका ज्यू कुटुंबातला. 1917 साली ते एका इस्पितळात मदतनीस होते. तिथे खाणीत पाठ मोडलेला एक धडधाकट तरुण आला. त्याच्याभोवती पडदे लावले गेले आणि त्याची नोंद करण्याचेही कष्ट घेऊ नयेत असे गुटमनना सुचवण्यात आले. पाच आठवड्यांत तो गेला. त्या काळी अशा रुग्णाचे भवितव्य ठरलेलेच असे. पाठीला जखमा, लघवीच्या मार्गात जंतू आणि मग शेवट.

गुटमन पुढे मज्जासंस्थेचे नामांकित शल्यविशारद झाले. 1933 साली नाझींनी त्यांना सरकारी इस्पितळातून काढले, तेव्हा ब्रेस्लाऊच्या ज्यू इस्पितळात ते काम करू लागले. नोव्हेंबर 1938 मध्ये ज्यूंवर हल्ले झाले त्या रात्री, दारात येईल त्याला दाखल करा, असा हुकूम त्यांनी दिला. सकाळी गेस्टापोचे अधिकारी आले. गुटमन त्यांच्याबरोबर खाटेखाटेवरून फिरले आणि प्रत्येकाला कसला आजार आहे ते सांगत गेले. चौसष्टांपैकी साठ माणसे त्यांनी वाचवली. 1939 च्या मार्चमध्ये बायको आणि दोन मुलांना घेऊन ते इंग्लंडला पोचले.

1 फेब्रुवारी 1944 रोजी स्टोक मँडव्हिल येथे जखमी सैनिकांसाठी नवा विभाग उघडला आणि तो गुटमन यांच्या हाती आला. त्यांनी पहिला दंडक घातला तो असा, की दिवस असो की रात्र, दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची. कर्मचारी कुरकुरले. गुटमन रात्री स्वतः फेरी मारून पाहू लागले. जखमा भरल्या, तशी त्यांनी माणसे खाटेवरून उठवली. कोणाला दांड्यांच्या आधाराने उभे केले, कोणाला चाकांच्या खुर्चीत बसवले, कोणाला सुतारकामाला लावले. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, त्यांनी सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. आजच्या पॅरालिंपिकची ही सुरुवात. याच परंपरेतल्या 1972 च्या हायडेलबर्ग स्पर्धेत आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. 1965 च्या युद्धात त्यांच्या पाठीच्या कण्यात गोळी शिरली होती. गुटमन 1980 साली वारले.

गुटमन काही हाडांचे डॉक्टर नव्हते. पण खाट सोडा हा त्यांचा आग्रह हाडांनाही लागू पडतो. हाड म्हणजे बँकेतले चालू खातेच. रोज थोडे झिजते, रोज थोडे भरते. आणि भरणा होतो तो भार पडल्यामुळे, स्नायूंनी ओढल्यामुळे. लुळ्या पायावर भार नाही, ओढ नाही. खर्च चालू आणि जमा बंद. सर्वांत भराभर झीज होते ती पहिल्या एक-दोन वर्षांत, आणि गुडघ्याच्या आसपास. सुटलेला चुना लघवीवाटे जातो, त्यातून मुतखड्याचीही भीती असते. हात मात्र चालते असतील तर मजबूत राहतात.

म्हणून काळजी घ्यायची ती पहिल्या महिन्यापासून. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा आधाराने उभे राहणे, कोवळे नव्हे तर चांगले ऊन, दूध, डाळी, नाचणी, रक्तातल्या ड जीवनसत्त्वाची तपासणी. विडी-तंबाखू आणि दारू बंद. हाडांची घनता मोजण्याची सोय आज शहरांत आहे, औषधेही आहेत. मात्र चुन्याच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत, मुतखड्याचा धोका असतो. आणि बरीच वर्षे झोपून काढलेल्या माणसाला एकाएकी उभे करू नये, कारण झिजलेले हाड तेवढ्यानेही मोडते. नंतर उभे राहिल्याने गेलेले हाड परत येईलच, अशी खात्री नाही.

लुळ्या पायाला सूज आली, ऊब लागली, तो वाकडा दिसला, तर दुखत नसले तरी चोळू नये. आधी एक्स-रे काढावा.

तात्यांचा पाय जुळायला बरेच महिने लागले. मग आम्ही बाज काढली, चाकांची खुर्ची आणली, उंबरा फोडून सपाट केला. तात्या पिठाच्या गिरणीचा हिशोब बघू लागले आणि पुढे अकरा वर्षे जगले. कोणी उचलायला आले की ते आधी त्याला थांबवत. एक हात गुडघ्याखाली, दुसरा टाचेखाली, आणि पाय पिळायचा नाही, हे स्वतः करून दाखवत. मी पुढे झालो की माझ्याकडे बघून हसत आणि मला दोनदा दाखवत.