टिळकांचे नापास झालेले वर्ष

दहावी-बारावीच्या मुलाला रोज तासभर मैदानावर पाठवा म्हटले, की औशातल्या पालकांचा चेहरा उतरतो. शिकवण्यांसाठी रोज लातूरला जा-ये करायची, त्यात हा तास कुठून काढायचा? मग मी त्यांना लोकमान्य टिळकांच्या कॉलेजातल्या पहिल्या वर्षाबद्दल सांगतो.

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांची आई ते दहा वर्षांचे असतानाच गेली. १८७२ मध्ये वडीलही गेले. त्याच वर्षी मॅट्रिक होऊन पुढच्या वर्षी ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले, तेव्हा ते अंगाने अगदी किडकिडीत होते. आज असा मुलगा समोर आला, तर मी मार्कांआधी त्याची झोप, भूक आणि दिवसभरातली हालचाल विचारीन.

टिळकांनी ते सबंध वर्ष शरीर कमावण्यात घालवले. जोर-बैठका, कुस्ती, नदीत पोहणे, नाव वल्हवणे. परीक्षेत मात्र नापास झाले! पुढे गणितात पहिल्या वर्गात बी.ए. आणि १८७९ मध्ये एल.एल.बी. झाले.

मुलाने वर्ष घालवावे असे माझे म्हणणे नाही. त्याला रोजचा तास पुरतो. जागतिक आरोग्य संघटनाही ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची, दम लागेल अशी हालचाल सुचवते. त्याने झोप सुधारते, ताण उतरतो, चिडचिड कमी होते आणि कंटाळलेले मूल पुन्हा पुस्तकाकडे वळण्याची शक्यता वाढते. मात्र टिळकांनी व्यायाम स्वतः निवडला होता, हे विसरू नका. शिक्षा म्हणून काढायला लावलेल्या उठाबशांनी मुलाला व्यायामाचा तिटकारा येतो. कबड्डी, सायकल, मित्रांबरोबर किल्ल्यापर्यंत फेरी, त्याला आवडेल ते करू द्या. सुरुवात दहा मिनिटांचीही चालेल. आई किंवा बाबा सोबत निघाले तर उत्तमच.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास, गप्प असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर केवळ व्यायामावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलत असेल तर त्याच दिवशी. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

व्यायाम सगळे आजार टाळतो असेही नाही. टिळकांना पुढे मधुमेह झालाच. १९०८ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेच्या तुरुंगात गेले. तिथेच १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्याची बातमी त्यांना कळली. त्याच कोठडीत त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले. त्यांची प्रकृती एवढे सोसू शकली याचे श्रेय चरित्रकार कॉलेजातल्या त्या नापास वर्षालाही देतात. १९१४ मध्ये ते सुटले आणि पुन्हा कामाला लागले.