कुत्रा चावला म्हणजे मरण ठरलेलं नाही, हे जगाला दाखवणारा लुई पाश्चर

जागतिक रेबीज दिन विशेष

चंद्रपूर/गडचिरोली : २८ सप्टेंबर हा दिवस जगभर रेबीज दिन म्हणून पाळला जातो. १८९५ साली याच तारखेला फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांचं निधन झालं. दुधाच्या पाकिटावर पाश्चराइज्ड हा शब्द छापलेला असतो, तो यांच्याच नावावरून आला. पण गावखेड्यातल्या माणसासाठी त्यांचं सर्वात मोठं काम वेगळं आहे. पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर आज सरकारी दवाखान्यात जी सुई मिळते, तिची सुरुवात या माणसापासून झाली.

लोहाराच्या भट्टीवर डागणी

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्सच्या पूर्वेकडील दोल या गावचा. वडील कातडी कमावण्याचा धंदा करायचे. पुढे हे कुटुंब आर्ब्वा नावाच्या लहान गावात राहायला गेलं. आजूबाजूला डोंगर आणि जंगल.

१८३१ साली त्या भागात एक पिसाळलेला लांडगा सुटला. त्यानं अनेकांना चावे घेतले. तेव्हा या रोगावर एकच उपाय लोकांना माहीत होता. लोखंडी सळई लाल होईपर्यंत तापवायची आणि जखमेवर दाबायची. जखमी लोकांना गावच्या लोहाराकडे नेऊन डागलं गेलं. पाश्चर यांचं घर तिथून जवळच होतं. आठ वर्षांच्या लुईनं त्या किंकाळ्या ऐकल्या. डागण्या देऊनही त्यातले कित्येक जण तडफडून मेले.

आपल्याकडेही कुत्रं चावलं की डागणं, झाडपाला बांधणं, मिरची-चुना भरणं, पुजाऱ्याकडून मंत्र मारून घेणं हे प्रकार अजून ऐकायला येतात. फ्रान्समधली माणसंही दोनशे वर्षांपूर्वी तेच करत होती. उपाय सापडला नव्हता, म्हणून.

कोशाच्या किड्यापासून मेंढरापर्यंत

पाश्चर डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. दारू आंबते कशी, दूध नासते कसं, याचा शोध घेताना डोळ्यांना न दिसणारे जंतू हे सगळं घडवतात, हे त्यांनी सिद्ध केलं. द्राक्षाची दारू ठरावीक तापमानाला गरम केली तर ती खराब होत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. पुढे हीच पद्धत दुधाला लागू झाली.

१८६५ साली फ्रान्समधले रेशीम शेतकरी अडचणीत आले. किडे रोगानं पटापट मरत होते. सरकारनं पाश्चर यांना पाठवलं. अंडी घातल्यावर मादी पतंग ठेचून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, रोगाचे ठिपके दिसले तर तिची अंडी फेकून द्यायची, निरोगी मादीचीच अंडी ठेवायची, असा उपाय त्यांनी काढला. आरमोरी भागात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसर कोसा घेणाऱ्यांना ही तपासणी नवी नाही. रोगमुक्त अंडी तयार करण्यासाठी आजही हीच पद्धत वापरतात.

या काळात घरावर मात संकटं येत होती. पाच लेकरांपैकी तीन लहानपणीच गेली, त्यातल्या दोन मुली विषमज्वरानं. १८६८ साली पाश्चर यांना स्वतःला लकवा मारला. डावी बाजू कायमची अधू झाली. तरी काम थांबलं नाही.

१८८१ साली मेंढरांच्या फाशी रोगावर त्यांनी लोकांसमोर जाहीर प्रयोग केला. काही मेंढरांना कमजोर केलेल्या जंतूंची लस दिली, काहींना दिली नाही. मग सगळ्यांनाच जिवंत जंतू टोचले. लस दिलेली मेंढरं चरत राहिली, बाकीची मेली. रोगाचा जंतू कमजोर करून टोचला तर शरीर त्याच्याशी लढायला शिकतं, हे शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

नऊ वर्षांचा जोसेफ

त्यानंतर पाश्चर रेबीजच्या मागे लागले. या रोगाचा जंतू इतका बारीक की तेव्हाच्या सूक्ष्मदर्शकातून दिसतच नव्हता. पण तो मेंदूत आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत राहतो, हे त्यांनी ओळखलं. रोगानं मेलेल्या सशांचा मज्जारज्जू काढून तो काचेच्या बाटलीत वाळत ठेवला. जितके जास्त दिवस वाळवावा, तितकं त्यातलं विष कमी होत जायचं. यातूनच लस तयार झाली. कुत्र्यांवर प्रयोग झाले, पण माणसाबाबत भरवशाचा अनुभव नव्हता.

६ जुलै १८८५ रोजी एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन पॅरिसला आली. मुलाचं नाव जोसेफ माइस्टर. दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याला चौदा ठिकाणी चावे घेतले होते. लस दिली आणि पोरगा दगावला, तर सगळा दोष पाश्चर यांच्या माथी येणार होता. नाही दिली, तर पोरगा बहुतेक मरणारच होता. स्वतः डॉक्टर नसल्यामुळे त्यांनी डॉक्टर ग्रांशे यांच्या हातून सुया दिल्या. दहा-अकरा दिवसांत तेरा सुया झाल्या. त्या दिवसांत पाश्चर यांना धड झोप लागत नव्हती. पोरगा वाचला. पुढे मोठा झाल्यावर तो पाश्चर यांच्याच संस्थेत रखवालदार म्हणून राहिला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ज्युपिय नावाचा पंधरा वर्षांचा गुराखी आला. लहान पोरांवर धावून आलेल्या पिसाळलेल्या कुत्र्याला त्यानं एकट्यानं अंगावर घेतलं होतं. तोही वाचला. त्याचा पुतळा आज पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उभा आहे.

उशीर झालेली पोरगी

नोव्हेंबरमध्ये लुईझ पेलेतिए ही दहा वर्षांची मुलगी आणली गेली. चावा डोक्याला होता आणि त्याला ३७ दिवस उलटून गेले होते. फार उशीर झालाय हे पाश्चर यांना कळत होतं. तरी आईबापाच्या विनवणीपुढे त्यांना नाही म्हणता आलं नाही. सुया दिल्या, पण पोरगी गेली.

मार्च १८८६ पर्यंत ३५० जणांना लस दिली गेली होती, त्यातली ही एकटी दगावली. त्याच महिन्यात रशियातून लांडग्यानं फाडलेले १९ जण आले, त्यातले १६ वाचले.

रेबीजचं विष चाव्याच्या जागेपासून नसांमधून हळूहळू मेंदूकडे चढतं. ते मेंदूत पोचण्याआधी लसीनं शरीर तयार झालं, तर माणूस वाचतो. म्हणून डोकं, चेहरा, मान, हात यांवरचा चावा जास्त धोक्याचा. पाण्याची भीती वाटणं, घशात आचके येणं अशी लक्षणं एकदा सुरू झाली, की आजही माणूस वाचणं जवळपास अशक्य आहे.

कसौली ते आपलं आरोग्य केंद्र

१९०० साली कसौलीला भारतातली पहिली पाश्चर संस्था सुरू झाली. तिथेच १९११ साली सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली. पोटात घ्यायच्या चौदा सुया त्या याच. त्यांच्या भीतीनं अजूनही काही जण दवाखाना टाळतात. पण ती लस देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता सुया दंडाला देतात आणि महिनाभरात चार-पाच तारखांना जावं लागतं.

हे लक्षात ठेवा

- कुत्रा, मांजर, कोल्हा, लांडगा, मुंगूस, माकड यांपैकी काहीही चावलं किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा.
- मिरची, चुना, हळद, तेल, राख लावू नका. डागू नका.
- त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लसीसोबत जखमेत सिरमही द्यावं लागतं. ते जिथे असेल तिथे डॉक्टर पाठवतात, तिकडे लगेच निघा.
- पाळलेलं कुत्रं असलं तरी लस सुरू करा आणि त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवा. कुत्रं मरायची वाट बघत बसू नका.
- बरं वाटतंय म्हणून मधली तारीख चुकवू नका. तेंदूपत्ता असो की धानाची रोवणी, सुईची तारीख आधी.
- घरच्या कुत्र्याला दरवर्षी पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस टोचून घ्या.
- लहान पोरं माराच्या भीतीनं चावा लपवतात. त्यांना रागावू नका, रोज विचारा.

पाश्चर यांच्या काळात लसीसाठी लोकांना रशियातून पॅरिस गाठावं लागत होतं. आज ती तालुक्यातच मिळते. उशीर तेवढा होऊ देऊ नका.