पाव्हलॉव्ह आणि आमचा मोत्या

आमच्या रावपुऱ्यातील घरी मोत्या आला तेव्हा तो दोन महिन्यांचा होता. वडिलांनी सहा महिन्यांत त्याला शहाणा केला. हाक मारली की येणे, ताटली समोर असली तरी सांगेपर्यंत उंबऱ्याबाहेर बसणे, हे सारे तो शिकला. पुढे वडील गेले. कुत्र्याचे शिक्षण एकदा झाले म्हणजे झाले, असे समजून आम्ही निश्चिंत राहिलो. मोत्या नऊ वर्षांचा असताना एके सायंकाळी तो उघड्या फाटकातून रस्त्यावर धावला. मी हाकांमागून हाका मारल्या. त्याने मान वळवूनही पाहिले नाही. एका रिक्षावाल्याने वेळीच ब्रेक लावला, म्हणून तो वाचला. म्हातारपणी कुत्रे बिघडायचेच, असे घरच्यांना सांगून मी मोकळा झालो. काही दिवसांनी इव्हान पाव्हलॉव्ह यांचे चरित्र हाती आले, आणि खरे बिघडले कोण होते ते उमगले.

पाव्हलॉव्ह यांचा जन्म २६ सप्टेंबर १८४९ रोजी रशियातील रियाझान येथे एका धर्मगुरूच्या घरी झाला. लहानपणी उंचावरून पडल्यामुळे ते अकराव्या वर्षापर्यंत शाळेत जाऊ शकले नाहीत. घराण्याच्या रीतीप्रमाणे त्यांना धर्मविद्यालयात घातले. परंतु विज्ञानाची ओढ अनावर होऊन १८७० साली ते पीटर्सबर्गच्या विद्यापीठात दाखल झाले. १८९१ पासून तेथील प्रायोगिक वैद्यकाच्या संस्थेत शरीरक्रियाशास्त्राचा विभाग त्यांच्याकडे आला. पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यासाठी कुत्र्यांवर ज्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील पुष्कळशा आजच्या मनाला रुचणार नाहीत. हेही सांगितले पाहिजे.

याच कामात एक लहानशी अडचण उभी राहिली. अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, ते आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच कुत्र्याला लाळ सुटू लागे. दुसरा कोणी त्यावर चिडला असता. पाव्हलॉव्ह यांनी उरलेले सारे आयुष्य त्या लाळेच्या थेंबांना वाहिले. ठोके देणारे यंत्र वाजवावे, लगेच अन्न द्यावे. असे काही वेळा केले की नुसत्या ठोक्यांनीही लाळ सुटते. ही गोष्ट आपण शाळेत शिकतो. मात्र तिचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. ठोके पुनःपुन्हा वाजवले आणि अन्न दिलेच नाही, तर लाळ कमी होत होत थांबते. शिकलेले केवळ काळाने पुसले जात नाही. खूण पोकळ ठरली म्हणजे ती निकामी होते.

हे वाचताना मला आमचे घर दिसू लागले. लाळ सुटणे आणि हाकेला धावत येणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे खरे. पण आम्ही दिवसातून वीस वेळा मोत्याला उगाच हाक मारत असू. आला तर कोणी पाठीवर हात फिरवत नसे. कधी हाक मारून आंघोळीला नेत असू, तर कधी रागे भरत असू. त्याचे शिक्षण थांबलेच नव्हते. हाकेत काही अर्थ नाही, हे आम्हीच त्याला वर्षानुवर्षे शिकवले होते.

सप्टेंबर १९२४ मध्ये नेवा नदीला मोठा पूर आला. पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरले. दारे खाली असल्यामुळे कुत्र्यांना पाण्यात बुडवूनच बाहेर काढावे लागले. कुत्री वाचली, परंतु त्यांतील काहींचे शिकलेले सारे नाहीसे झाल्यासारखे झाले. एका कुत्र्याजवळ त्याचा ओळखीचा संशोधक खोलीत बसून राहू लागला, तेव्हा गेलेल्या सवयी परत दिसू लागल्या. शिकवण्याइतकेच सोबतीलाही मोल आहे, हे मला त्यावरून कळले.

पाव्हलॉव्ह शेवटपर्यंत काम करीत राहिले. १९३५ साली त्यांच्या संस्थेच्या आवारात कुत्र्याचे एक स्मारक उभारण्यात आले, आणि २७ फेब्रुवारी १९३६ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, लेनिनग्राड येथे त्यांचे निधन झाले.

मोत्यासाठी आम्ही नवा नेम केला. जुन्या हाकेला अर्थ उरला नव्हता, म्हणून नवा शब्द ठरवला. तो उगाच उच्चारायचा नाही. आला की प्रत्येक वेळी भाकरीचा तुकडा आणि पाठीवर हात. रोज सकाळी अंगणात पाच मिनिटे एवढाच हा अभ्यास. दोन महिन्यांत तो फाटकापासून परत येऊ लागला. पुढे त्याला ऐकू येईनासे झाले, तेव्हा त्याच शब्दाऐवजी हाताची खूण शिकवली; तीही तो शिकला. तेराव्या वर्षी तो गेला. त्याच्या अखेरच्या महिन्यातही सकाळची ती पाच मिनिटे आम्ही चुकवली नव्हती.